कापडाची कड

वस्त्रांविषयी मी आजवर जेवढे बोललो आहे, तेवढे बोलण्याचा मला अधिकार नव्हता, ही गोष्ट गेल्या वर्षी माझ्या ध्यानात आली. इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक या नात्याने मी अठ्ठावीस वर्षे विद्यार्थ्यांना कार्लाइल शिकवीत आलो. त्याचा ‘सार्टर रिझार्टस’ हा ग्रंथ १८३३-३४ मध्ये लंडनच्या एका मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाला. एका कल्पित जर्मन पंडिताच्या मिषाने त्यात वस्त्रांचे तत्त्वज्ञान सांगितले आहे. मनुष्याच्या संस्था, पदव्या, रूढी ही सारी त्याने अंगावर चढविलेली वस्त्रेच होत, हा त्यातील विचार मी इतक्या तन्मयतेने मांडीत असे की, वर्गाबाहेर उभा असलेला शिपाईसुद्धा मान डोलवी. परंतु माझ्या अंगातील सदरा कोणत्या सुताचा आहे, असे त्या शिपायाने मला विचारले असते, तर उत्तरासाठी मला कॉलरच्या आतील चिठ्ठी वाचावी लागली असती.

हे अज्ञान उघडे पडले ते माझ्या मुलीमुळे. ती पुण्यास एका कंपनीत चार वर्षे चांगल्या वेतनावर होती. एके दिवशी ती सामानसुमानासह नागपूरला परत आली आणि जेवताना तिने शांतपणे सांगितले की, आपण आता स्त्रियांचे कुडते तयार करून विकणार. कापड सुती, शिवण साधी आणि ब्रँड स्वतःचा. माडीवरच्या खोलीत दोन शिवणयंत्रे आली, कापणीसाठी एक वयस्क मास्टर आले, आणि तिने साठविलेले अडीच लाख रुपये हे या उद्योगाचे भांडवल ठरले. मी नोकरीची शाश्वती, भविष्यनिर्वाह निधी आणि बाजाराची चंचलता या विषयांवर एक लहानसे व्याख्यान दिले. ते तिने विद्यार्थिनीच्या नम्रतेने ऐकून घेतले आणि विद्यार्थिनीप्रमाणेच सोडून दिले. आमची सौभाग्यवती एवढेच म्हणाली, “अहो, तुमच्या आजोबांचाच धंदा तो. घरातून गेला होता, घरात परत आला. त्यात एवढे काय?”

तिचे म्हणणे खरे होते. आमचे घराणे कोष्ट्यांचे. आजोबांचा माग तांडापेठेत होता. पुढे मागावर पोट भरेना, तेव्हा ते एम्प्रेस मिलमध्ये लागले. जमशेटजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. त्याच दिवशी दिल्लीस व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीस ते नाव मिळाले. मुंबई सोडून टाटा येथे आले, कारण कापूस येथे पिकत होता, दगडी कोळसा फार दूर नव्हता, आणि १८६७ पासून नागपूरला आगगाडी येत होती. ज्या यंत्रांनी आजोबांचा माग बंद पाडला, त्याच यंत्रांनी त्यांच्या मुलाबाळांचे पोट भरले. वडील शिकले ते गिरणीच्या पगारावर, आणि मी प्राध्यापक झालो तो वडिलांच्या कारकुनीवर. गिरणी २००२ साली बंद झाली. तिच्या जागेवर आज जो मॉल उभा आहे, तेथे मी स्वतःसाठी सदरे विकत घेतो.

आजोबांना एक खोड होती. लग्नकार्यात कोणी भेटले की, कुशल विचारता विचारता ते त्याच्या उपरण्याचे टोक अंगठा आणि तर्जनी यांत धरून हळूच चोळून पाहत. माझ्या वडिलांना त्याची भारी लाज वाटे. ती लाज वारशाने माझ्याकडे आली. चोळून पाहण्याची विद्या मात्र आली नाही.

नागपुरात कापडाची घाऊक पेठ म्हणजे गांधीबाग आणि इतवारी. “बाबा, बरोबर पांढरे केस असले म्हणजे भाव बरा सांगतात,” असे म्हणून मुलगी मला तेथे घेऊन गेली. एप्रिलचे ऊन, अरुंद गल्ल्या, डोक्यावर गाठी घेऊन वाट मागणारे हमाल, आणि दुकानांत पांढऱ्या गाद्यांवर पाय दुमडून बसलेले व्यापारी. पहिल्याच पेढीवर मी भारदस्तपणे म्हणालो, “चांगले सुती कापड दाखवा.” ग्रंथालयात येऊन कोणी ‘एखादे चांगले पुस्तक द्या’ म्हणाले, तर ग्रंथपाल ज्या नजरेने पाहील, त्या नजरेने गादीवरील गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी मुलीकडे वळून विचारले, “काउंट कोणता, पन्ना किती, कोरे की धुतलेले, आणि किती मीटर?” यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मजपाशी नव्हते. तिच्यापाशी चारांचीही होती.

त्या उन्हाळ्यात मी उतारवयात पुन्हा विद्यार्थी झालो. काउंट म्हणजे काय, हे मला प्रथमच समजले. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी निघतात, तेवढा त्या सुताचा काउंट. चाळीस काउंटच्या एक पौंड सुताची लांबी ३३,६०० वार, म्हणजे सुमारे एकोणीस मैल भरते. नागपूरहून निघून कामठीस जाऊन परत यावे, जवळजवळ एवढा हा धागा. आणि वजन एक पौंड! एवढ्या अद्भुत गोष्टी मी काव्यातही फार वाचल्या नाहीत. पन्ना म्हणजे रुंदी. तो कोठे ३६ इंच, कोठे ४४, कोठे ५८. ज्यास पन्ना विचारण्याचे सुचत नाही, त्यास मीटरचा भाव ऐकून स्वस्त काय आणि महाग काय, हे कधीच समजावयाचे नाही. कोऱ्या कापडाच्या अंगचा जोम पुष्कळदा खळीचा असतो; एकदा धुतले की कापड आपले खरे रूप दाखविते. धुतल्यावर ते आटते, शंभर मीटरांस तीन ते पाच मीटर आटणे हे सामान्यच, म्हणून ते कापण्यापूर्वी धुवावे. एकाच नावाचा रंग दोन वेळा चढविला तर तो दोन वेळा वेगळा उतरतो, म्हणून एका कुडत्यात दोन लॉटचे कापड कधी घालू नये. आणि धाग्याची परीक्षा अग्नीने करावी. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा कठीण मणी बनतो. या परीक्षेसाठी मुलगी पर्समध्ये काड्यापेटी बाळगीत असे. तिचे प्रयोजन कळण्यापूर्वी ती काड्यापेटी प्रथम दृष्टीस पडली, तेव्हा माझ्या पितृहृदयात कोणकोणते विचार आले, ते येथे लिहीत नाही.

तथापि सर्वांत कठीण धडा गणिताचा होता. घाऊक व्यापाऱ्यास एका रंगाचे तीनचारशे मीटर एकदम विकावयाचे असतात. माझ्या मुलीस हवे असत साठ. मोठ्या कारखानदारासाठी रंगविलेल्या मालातून उरलेली ठाणे अशा लहान गिऱ्हाइकास मिळतात. परंतु ती संपली म्हणजे तो रंग पुन्हा मिळेल याची हमी नाही. नवा माल आपल्यासाठी करवून घ्यावा, तर भांडवल एकाच रंगात अडकून पडते. म्हणजे भाव जवळजवळ किरकोळीचा आणि जोखीम मात्र घाऊक व्यापाराची, अशी या लहान उद्योगांची स्थिती असते. तीन महिने आम्ही पेढ्यांमागून पेढ्या हिंडलो. कोठे चहा मिळाला, कोठे उपदेश मिळाला, कापड मात्र मिळेना.

अखेर जुलैमध्ये एका पेढीवर ते मिळाले. नमुने पुठ्ठ्यावर चिकटविलेले होते; नागमोडी कात्रीने कातरलेले, तळहाताएवढे चौकोन. वीण किंचित उंचसखल, स्पर्श मऊ. “शुद्ध हातमाग आहे, बेटा,” गादीवरील वृद्ध गृहस्थ म्हणाले, आणि मजकडे पाहून त्यांनी जोडले, “सर, तुम्ही निश्चिंत असा.” मी निश्चिंत झालो. मुलीने एक धागा ओढून जाळून पाहिला, राख झाली. भाव मीटरला २३५ रुपये ठरला. तसेच दिसणारे यंत्रमागाचे कापड त्याच गल्लीत १२० रुपयांस मिळत होते. मला तर डोळे मिटून दोहोंतील भेद सांगता आला नसता. मीटरमागे ११५ रुपये आम्ही ‘हातमाग’ या एका शब्दासाठी देत होतो. चार रंग, प्रत्येकी साठ मीटर, एकूण २४० मीटर. रक्कम ५६,४०० रुपये आणि वर कर. बिलावर लिहिले होते, ‘कॉटन फॅब्रिक’. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतील प्रत्येक शब्दाखाली तांबडी रेघ ओढणारा मी, ते बिल घडी करून खिशात घातले. हातमाग हा शब्द आम्हांस तोंडी मिळाला होता. पैसे मात्र लेखी घेतले गेले होते.

घरी आल्यावर मुलीने शंभर चिठ्ठ्या छापून घेतल्या. कुडत्याच्या मानेशी शिवण्याच्या त्या लहान पट्टीवर तिच्या ब्रँडखाली दोनच शब्द होते : ‘हातमागावर विणलेले’.

याच सुमारास माझ्या हातून एक व्याख्यान घडले. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या सभेत स्वदेशीच्या चळवळीची घोषणा झाली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळतात. आमच्या महाविद्यालयात त्या दिवशी मला बोलावयास सांगण्यात आले, आणि तीन महिन्यांच्या ताज्या विद्वत्तेने मी बोललो. खादी आणि हातमाग यांत घोटाळा करू नका, असे मी विद्यार्थ्यांना बजावले. खादीचे सूतही हातानेच कातलेले असावे लागते, आणि १९५६ च्या कायद्याने तिची व्याख्याच तशी केली आहे. हातमागाच्या कापडात सूत गिरणीचे चालते, विणकाम मात्र हाताचे हवे. १९३८ साली महात्माजींनी वर्ध्यास ज्याचे उद्घाटन केले, त्या मगन संग्रहालयात एकदा जाऊन या, असा उपदेश केला. शेवटी आजोबांच्या मागाची कथा सांगितली. “आपण आपला माग गमावला, तेव्हा आपण आपला हातच गमावला,” हे माझे वाक्य ऐकून पुढच्या रांगेतील एका बाईंनी डोळ्यांस पदर लावला. टाळ्या पुष्कळ पडल्या.

त्यानंतर दहाबारा दिवसांनी ठाणे घरी आली. गच्चीवर टाक्यांत भिजवून, दोऱ्यांवर वाळवून ती मास्टरांच्या मेजावर गेली. मास्टरांनी कापड पसरले, कात्री उचलली, आणि पुन्हा खाली ठेवली. “ताई,” ते म्हणाले, “हे हातमागाचे नव्हे. कड पाहा.”

आम्ही कड पाहिली. तिला दोहों बाजूंस धाग्यांची बारीक झालर होती. ती झालर आम्ही दोघांनीही पूर्वी पाहिली होती. मी तर तिला शोभेची समजलो होतो. मास्टरांनी मला जे सांगितले ते असे. हातमागावर आडवे सूत धोट्यातून जाते. धोटा या कडेहून त्या कडेस जातो आणि तेथून परत फिरतो. म्हणून धागा कडेशी वळतो आणि कड बंद, गोट घातल्यासारखी होते. धोट्याविना चालणारे नव्या तऱ्हेचे यंत्रमाग प्रत्येक आडवा धागा कडेशी कापून टाकतात, म्हणून तेथे टोके सुटी राहून झालर दिसते. बंद कड दिसली म्हणजे ते हातमागाचेच, असे म्हणता येत नाही, कारण धोट्यावर चालणारे यंत्रमागही आहेत. परंतु झालरीची कड असेल तर ते कापड हातमागाचे निश्चित नव्हे. आम्हांस दाखविलेले चौकोन ठाणाच्या मध्यातून कातरलेले होते. त्यांना कड नव्हतीच.

त्या रात्री जेवणानंतर मुलीने वही उघडली आणि मी शेजारी बसलो. आटल्यावर उरलेल्या कापडात सुमारे नव्वद कुडते होणार होते. कापड, शिवण, गुंड्या, धुलाई असा एका कुडत्यास खर्च ८७७ रुपये. हातमागाचा म्हणून तो १,४५० रुपयांस विकावयाचा होता, आणि धरमपेठेतील एका दुकानाने चाळीस नग आधीच सांगितले होते. यंत्रमागाचा म्हणून विकावयाचा तर ९५० च्या वर कोणी देणार नाही, असा तिचा अंदाज होता. एका बाजूस पन्नास हजारांवर नफा, दुसऱ्या बाजूस सहा हजार. चिठ्ठ्या छापून तयारच होत्या.

येथे मला जे लिहावयाचे आहे ते लिहिताना लेखणी अडखळते. मी म्हणालो, “तू कोणाला फसविलेले नाहीस. तुला जे सांगितले तेच तू पुढे सांगत आहेस. व्यापाऱ्याचे पाप व्यापाऱ्याच्या माथी. कापड सुती आहे, चांगले आहे, नेसणारीस सुख देणारे आहे. ही खेप जाऊ दे. पुढच्या खेपेस सावध राहू. कड कोण पाहणार आहे? ती तर शिवणीच्या आत जाते.” हे सारे मी अत्यंत सुसंगतपणे, मुद्द्यांस क्रमांक घालून सांगितले. सात ऑगस्टच्या व्याख्यानास त्या दिवशी पंधरवडाही उलटला नव्हता.

मुलीने वहीतून मान वर न करता विचारले, “बाबा, परीक्षेत मुलाने चुकीचे उत्तर लिहिले, आणि तो म्हणाला की चूक माझी नाही, गाइडात तसेच छापले आहे, तर तुम्ही त्याला गुण देता का?”

मी देत नाही, हे तिला ठाऊक होते. सत्याची कड घ्यावी, असे मी तिला लहानपणापासून शिकविले होते; आणि प्रत्यक्ष कड समोर आली तेव्हा ती शिवणीत लपविण्याची युक्ती मीच सांगत होतो. तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला आणि कपाटाच्या तळाशी ठेवला. सौभाग्यवती दाराशी उभी होती. ती मला काही बोलली नाही, आणि तिचे ते न बोलणे मला मुलीच्या प्रश्नाहून अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या पेढीवर गेलो. मी रागाची पूर्ण तयारी करून गेलो होतो. परंतु गादीवरील गृहस्थ रागावले नाहीत, की ओशाळलेही नाहीत. “बेटा, मलाही हातमाग म्हणूनच मिळाले,” ते म्हणाले. “बिलावर कॉटन लिहिले आहे, आणि ते कॉटनच आहे. धुतले नसते तर ठाणे परत घेतली असती. पुढच्या मालात पाच हजार कमी लावीन.” मुलगी म्हणाली, “पुढच्या बिलावर हातमाग असे लिहून द्याल का?” ते हसले. “एवढे कोण लिहून देतो?” त्या हसण्यात लबाडी होती असे मी शपथेवर सांगू शकत नाही. कदाचित त्यांना कोणी तसे लिहून दिले नव्हते, आणि ज्याने त्यांना विकले त्यालाही कोणी दिले नसेल. शब्द मात्र गादीवरून गादीवर तोंडी फिरत राहिला होता, आणि प्रत्येक गादीवर त्याची किंमत थोडी वाढली होती. हातमागाच्या खऱ्या मालावर लावण्यासाठी २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ अशी एक सरकारी खूणही आहे. ती त्या ठाणांवर नव्हती, आणि ती आहे काय, असे आम्हीही विचारले नव्हते.

पाच हजारांची सवलत तिने घेतली नाही. “ज्याच्या घरी माग दिसेल त्याच्याकडूनच हातमागाचे कापड घ्यावयाचे,” असे ती परतीच्या वाटेवर म्हणाली. म्हणून सप्टेंबरमधील एका रविवारी आम्ही भंडाऱ्यावरून आंधळगावास गेलो. हे गाव मोहाडी तालुक्यात आहे आणि कोशाच्या विणकामासाठी प्रसिद्ध आहे. कोसा म्हणजे इंग्रजीत ज्यास टसर म्हणतात ते रानरेशीम. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांतील ऐन आणि अर्जुन या वृक्षांच्या पानांवर त्याचे किडे पोसतात. विदर्भाची करवती साडी याच रेशमाची. काठावर करवतीच्या दात्यांसारखी ओळ असते, म्हणून तिला करवती म्हणतात. अंगासाठी एक आणि दोन काठांसाठी दोन असे तीन धोटे चालवून तो काठ साधावा लागतो. भौगोलिक मानांकन मिळून आता तिचे नाव सरकारदरबारी नोंदले गेले आहे.

ज्या घरी आम्ही गेलो, तेथे माग ओसरीच्या आतल्या खोलीत होता. विणकर साठीचे होते. ते मागावरून उठले नाहीत. हात चालवीतच बोलत होते, आणि फणी ठोकल्याचा आवाज त्यांच्या वाक्यांमध्ये विरामचिन्हांसारखा पडत होता. मुलीने चाळीस मीटर साधे कापड मागितले. ते म्हणाले, “एक ताना म्हंजे चाळीसच मीटर, ताई. ताना चढला का मंग तो सरेपर्यंत रंग तोच. आडवं सूत पायजे तं बदलून देईन.” तीन महिने आम्ही ज्या किमान मालाशी झगडत होतो, त्याचे कारण येथे डोळ्यांसमोर दिसत होते. व्यापाऱ्याचा किमान आकडा त्याच्या सोयीचा असतो. विणकराचा त्याच्या ताण्याच्या लांबीचा असतो.

भाव ऐकल्यावर मी घासाघीस सुरू केली. हेही मला कबूल केले पाहिजे. एम्प्रेस मिलच्या जागेवरील मॉलमध्ये सदऱ्याच्या चिठ्ठीवरील आकडा वाचून मी मुकाट्याने पैसे मोजतो. तेथे कोणाशी भाव करावा, असे माझ्या मनातही येत नाही. या खोलीत मात्र माझी जीभ आपोआप सुटली. विणकराने हात थांबविला. “सर, भाव कमी कराल तं मी सूत हलकं लावीन. मंग तुम्हीच म्हनाल का कापड खराब निघालं.” मुलीने माझ्याकडे पाहिले आणि मी गप्प बसलो. त्यांनी सुतासाठी निम्मे पैसे आगाऊ मागितले. “फोटो काढाले लोक लय येतेत,” ते म्हणाले, “ऑर्डर द्याले कमी येतेत.”

चहा आला तेव्हा मी माझी सारवासारव करण्याच्या हेतूने सांगितले की, माझे आजोबाही विणकरच होते. तांडापेठेत आमचा माग होता. त्यांनी विचारले, “आता घरी माग कोन चालवते?” मी खेदाने म्हणालो, “कोणी नाही.” ते म्हणाले, “बरं झालं. माझा पोरगा बी बुटीबोरीले कंपनीत हाय.” आणि ते पुन्हा विणू लागले.

सात ऑगस्टच्या व्याख्यानात मी ज्या गोष्टीसाठी श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणले, तिच्याविषयी त्या मागावर बसलेला मनुष्य ‘बरं झालं’ असे म्हणत होता. त्यास कोणाच्या अश्रूंची गरज नव्हती. त्याला पुरेसा भाव, आगाऊ पैसे आणि हा ताणा संपल्यावर दुसरा ताणा हवा होता. आजोबांनाही बहुधा एवढेच हवे होते. ते मिळाले नाही म्हणून ते गिरणीत गेले. मी इतकी वर्षे त्यांच्या मागाबद्दल हळहळत आलो. त्या मागाचे कापड कोणी काय भावाने घेत होते, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

आता राहिलेला हिशेब सांगतो. ते नव्वद कुडते नव्या चिठ्ठ्या लावून ९५० रुपयांस विकावयास ठेवले. चिठ्ठीवर होते : ‘सुती कापड. यंत्रमाग.’ धरमपेठेतील दुकानदाराला मुलीने आपण होऊन सारी हकीकत सांगितली. त्याने चाळीसांऐवजी पंचवीस घेतले. दिवाळीपर्यंत एकूण त्रेसष्ट गेले. उरलेले अद्याप माडीवर आहेत, आणि वर्षाच्या अखेरीस तिच्या वहीत नफ्याच्या रकान्यात लिहिण्यासारखे काही नव्हते. ज्यांनी कुडते घेतले, त्यांतील दोन बाईंनी विचारले की, यंत्रमाग असे कोणी मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही का लिहिले? त्या दोघींनी पुढे कोशाच्या कापडाची मागणी नोंदविली. एवढ्यावर धंदा चालतो, असे मी म्हणणार नाही. तो चालेल की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

आंधळगावचे कापड तीन आठवडे उशिरा आले आणि मोजून अडतीस मीटर भरले. बिलावर विणकराच्या मुलाच्या अक्षरात ‘हातमाग, कोसा, ३८ मीटर’ असे स्पष्ट लिहिले होते. मुलीने ठाण उलगडले आणि प्रथम कड पाहिली, मग टोक अंगठा आणि तर्जनी यांत धरून चोळले. आजोबा तिने कधी पाहिले नव्हते. मीही धीर करून दुसरे टोक चोळून पाहिले. मला काही समजले नाही, परंतु लाजही वाटली नाही. दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना पुढच्या ताण्याचे पैसे पाठविले.

या कापडासाठी नवी चिठ्ठी हवी होती, आणि मराठी मजकूर लिहिण्याचे काम तिने माझ्याकडे दिले. मी दोन दिवस विचार करून विदर्भाची प्राचीन परंपरा, वनदेवतेचे वरदान आणि कुशल हातांची माया यांची गुंफण केलेला चांगला दोन ओळींचा मसुदा तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला, पेन्सिल घेतली आणि एकेक शब्द खोडत गेली. उरले ते असे : ‘कोसा. हातमाग. आंधळगाव, जि. भंडारा.’

“माझ्या मसुद्यात खोटे काय होते?” मी किंचित दुखावून विचारले.

“खोटे काही नव्हते, बाबा,” ती म्हणाली. “पण कोणाला तपासून पाहता येईल, असेही काही नव्हते.”